सायकल अंगाला बसते का?

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक उंबरा ओलांडून आत येते, तोवर गादीवर बसलेल्या जुन्या शेटजींनी त्याच्या छातीचे माप मनात घेतलेले असते. चपलांच्या दुकानातला नोकर पावलाकडे एक नजर टाकून नेमका सात नंबरचा जोड काढतो. बांगड्यांच्या दुकानात तर हात पाहूनच माप सांगितले जाते. ज्यांचा संसार मापावर चालतो अशा घरांतून सायकल विकत घेतली जाते, तेव्हा मात्र रंग कोणता, गिअर किती आणि सूट काय मिळते, एवढ्या चौकशीवर सौदा पुरा होतो. ज्याच्यासाठी सायकल घ्यायची तो मुलगा किंवा ती सून कित्येकदा दुकानात आलेलीसुद्धा नसते.

याचा भुर्दंड पुढे पडतो. दिवसभर काउंटरमागे बसणाऱ्या पन्नाशीच्या व्यापाऱ्याला डॉक्टर व्यायाम सांगतात. तो हौसेने १५-२० हजारांची सायकल घेतो, दोन आठवडे पहाटे उठून फिरून येतो, आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरून बसतो. ‘आता या वयात जमायचे नाही’ असे ठरून सायकल गॅलरीत जाते व तिच्यावर टॉवेल वाळू लागतात. दोष पुष्कळदा वयाचा नसतोच. सीट दोन इंच खाली असते, किंवा मुळात फ्रेमच त्या अंगाची नसते. व्यायाम सुटला, रक्कम अडकली आणि आपल्याला झेपत नाही ही खूणगाठ मनात बसली. या तीन तोट्यांपैकी तिसरा सर्वांत मोठा.

सायकलीचा इतिहास पाहिला तर अंगाचे माप हीच तिची पहिली अट होती. १८७० ते १८८५ या काळात युरोपात जी सायकल चालत असे तिचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे अगदी चिमुकले असे. साखळी नव्हती, पेडले थेट पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेली असत. पायाच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होई. चाक जितके मोठे तितकी सायकल वेगवान, परंतु ते किती मोठे असावे हे स्वाराच्या पायांच्या लांबीनेच ठरे. त्यामुळे उंच माणसाला ५६ किंवा ५८ इंची चाकाची, बुटक्याला ५० इंचीच्या आसपासची अशा मापानेच सायकल विकली जाई. न बसणारी सायकल विकणे दुकानदाराला शक्यच नव्हते. गिऱ्हाइकाचे पाय पेडलांपर्यंत पोहोचले नसते. १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके बेताची झाली, पडण्याचे भय पुष्कळ उणावले, स्त्रिया आणि वयस्कर माणसेही सायकलीवर बसू लागली. पाय आणि चाक यांचे नाते मात्र त्या साखळीने तोडले. तेव्हापासून कोणालाही कोणतीही सायकल विकता येऊ लागली.

भारतात रुळली ती याच घराण्यातली इंग्रजी धाटणीची काळी सायकल. मद्रासची टी.आय. सायकल्स १९४९ ची, सोनिपतची अ‍ॅटलास १९५१ ची, लुधियानाची हीरो १९५६ ची. या कारखान्यांनी २८ इंची चाकांची ती भक्कम सायकल खेडोपाडी पोहोचवली. तिची फ्रेम प्रामुख्याने दोनच मापांत मिळे, २२ इंची आणि २४ इंची. घरात सायकल एकच असे आणि तिच्यावर वडील, दिवाणजी, थोरला मुलगा व कॉलेजात जाणारा भाचा हे सारे आलटून पालटून बसत. धाकट्यांनी दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकायचे, हा जणू रिवाजच होता.

या सायकलीचे गणित मांडून पाहिले तर गंमत वाटते. पेडलांचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तो आस जमिनीपासून सुमारे ३० सें.मी. उंचीवर असतो. त्याच्यावर २२ इंचांची, म्हणजे जवळजवळ ५६ सें.मी. लांबीची, किंचित मागे कललेली नळी. तेव्हा आडवा दांडा जमिनीपासून ८० सें.मी.हून वरच जातो. पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाच्या टांगेचे माप साधारण ७५ सें.मी. भरते. म्हणजे असा माणूस त्या दांड्यावर दोन्ही पाय टेकून उभाच राहू शकत नसे. म्हणून तर आपल्याकडे सायकलीवर नुसते बसत नसत, टांग मारत. डावा पाय पेडलावर ठेवून दोन-चार ढांगा सायकल पळवायची आणि मग उजवा पाय मागून फिरवायचा. उतरतानाही तीच कसरत उलट. थांबायचे तर पदपथाचा किंवा ओट्याचा आधार शोधायचा. माणसाने सायकलीशी जुळवून घ्यायचे असते, ही समजूत याच काळाने रुजवली.

त्या काळी ते चालून गेले, कारण रस्ता मोकळा होता. ‘सायकलींचे शहर’ म्हणून पुणे ओळखले जाई तेव्हा रस्त्यावर सायकलस्वाराच्या पुढेमागे दुसरा सायकलस्वारच असे. आज मागे बस आणि बाजूला रिक्षा असताना क्षणात ब्रेक दाबून पाय जमिनीवर टेकावा लागतो. पाय टेकत नसेल तर माणूस एका अंगाला कलंडतो, आणि कलंडण्याची बाजू त्याच्या हाती राहत नाही. फ्रेमचे माप हा म्हणूनच आता केवळ सोयीचा विषय राहिलेला नाही.

मापाचा पहिला घोटाळा शब्दांतच आहे. दुकानात ‘२६ इंची सायकल’ असे म्हणतात ते २६ इंच चाकाचे असतात. ‘२२ इंची’ म्हणतात ते फ्रेमचे. दोन्ही इंचांतच मोजले जात असल्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की २६ म्हणजे २४ पेक्षा मोठ्या माणसाची. वास्तविक एकाच २६ किंवा २९ इंची चाकाला १५ इंची फ्रेमही असू शकते आणि २१ इंचीही. पाच फुटांची गृहिणी आणि सहा फुटांचा मुलगा सारख्याच चाकांच्या, परंतु पूर्णपणे वेगळ्या सायकलींवर बसतात. शर्यतीच्या धाटणीच्या सायकलींची फ्रेम सेंटीमीटरमध्ये सांगतात, डोंगरी सायकलींची इंचांत, आणि अलीकडे पुष्कळशा कंपन्या नुसते एस, एम, एल एवढेच लिहितात. केवळ लहान मुलांच्या सायकलींना चाकाचा आकडा हेच एकमेव माप असते. मोठ्यांसाठी चाकाचा आकडा विचारून सायकल घेणे म्हणजे बटणांचा आकार विचारून सदरा घेण्यासारखे आहे.

मग विचारायचे काय? आधी स्वतःचे माप काढायचे. त्याला पाच मिनिटे लागतात, घरी कोणीही ते घेऊ शकते. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे. दोन पावलांत वीतभर अंतर असावे. एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक, त्याची पाठ वर करून, दोन पायांमध्ये धरावे व सीटवर बसल्यावर जसा दाब येतो तसा दाब देऊन वर ओढावे. पुस्तकाची मागची कड भिंतीला चिकटलेली हवी, म्हणजे ते तिरके होत नाही. दुसऱ्याने पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करावी आणि जमिनीपासून अंतर मोजावे. तीनदा मोजून सरासरी घ्यावी. हे टांगेचे माप. कापडाच्या व्यवसायातील मंडळींना येथे एक सावधगिरी हवी. शिंपी विजारीची आतली लांबी घेतो ती म्हणजे हे माप नव्हे. विजारीची शिवण अंगापासून खाली असते आणि पायघोळही जमिनीच्या वर संपतो. दोन्हींत काही सेंटीमीटरचा फरक सहज पडतो, आणि सायकलीत तेवढा फरक पुरे होतो.

या एका मापावरून सीटची उंची निघते. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड याने १९८६, १९८९ व १९९० अशी तीन वेळा ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत जिंकली. त्याच्या आणि त्याचे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या नावाने जी रीत जगभर पसरली ती अशी: टांगेच्या मापाला ०.८८३ ने गुणावे. जे उत्तर येईल तेवढे अंतर पेडलांच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावे. माप ८० सें.मी. असेल तर हे अंतर ७०.६ सें.मी. येते. त्याच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, हॅम्ली व थॉमस या दोन ब्रिटिश संशोधकांनी प्रयोगशाळेतील स्थिर सायकलीवर वेगळ्या वाटेने शोध घेतला होता. पेडल अगदी खाली असताना तिथपासून सीटपर्यंतचे अंतर टांगेच्या मापाच्या १०९ टक्के असले की काम सर्वांत सुकर होते, असे त्यांना दिसले. ८० चे १०९ टक्के ८७.२, त्यातून पेडलाच्या दांड्याचे नेहमीचे १७ सें.मी. वजा केले की ७०.२ उरतात. एक आकडा शर्यतीच्या मैदानातला, दुसरा प्रयोगशाळेतला, आणि दोन्हींत अर्ध्या सेंटीमीटरचाही फरक नाही. ज्यांना हिशेबाचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी जुन्या कारागिरांची रीत आहेच: सीटवर सरळ बसून टाच पेडलावर ठेवावी आणि पेडल अगदी खाली न्यावे. गुडघा तेव्हा सरळ व्हावा. पुढे चालवताना पेडलावर टाच नव्हे तर चवडा असतो, त्यामुळे गुडघ्यात आपोआप हवी तेवढी वाक राहते.

याच मापाला ०.६५ ने गुणले की पारंपरिक, आडव्या दांड्याच्या फ्रेमचे ढोबळ माप मिळते, ८० सें.मी.ला ५२. दांड्यावर दोन्ही पाय टेकून उभे राहिल्यावर दांडा व शरीर यांमध्ये निदान एक इंच जागा सुटली पाहिजे, खडबडीत वाटेवर चालवायची असेल तर दोन-तीन इंच.

तथापि येथवरचे गणित सोपे आहे आणि फसवेही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात माइक बरोज या इंग्रज अभियंत्याने तैवानच्या जायंट कंपनीसाठी उतरत्या दांड्याची शर्यतीची सायकल आखली. दांडा मागे उतरता केल्यामुळे फ्रेम आटोपशीर झाली. सीटची नळी लांब-आखूड करून एकाच फ्रेमवर कमी-अधिक उंचीची माणसे बसवता येऊ लागली, आणि आठ-दहा मापांऐवजी तीन-चार मापांत काम भागू लागले. माल किती मापांत साठवावा लागतो याचा अर्थ व्यापाऱ्याला वेगळा सांगायला नको. ही रचना भराभर सर्वत्र पसरली. पण तिच्यामुळे सीटच्या नळीची लांबी हे जे पिढ्यान्‌पिढ्यांचे माप होते तेच निरर्थक झाले. सीट तर कोणत्याही सायकलीची वर-खाली होते. न बदलणारी गोष्ट आहे ती फ्रेमची लांबी: सीटपासून हँडल किती दूर पडते ती.

फिटिंगमधला खरा नाजूक भाग हाच, आणि दुकानात याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. हँडल फार दूर असले की माणूस ताणून बसतो, तळहातांवर भार येऊन बोटे बधिर होतात, मान आखडते. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे सीट पुढे सरकवणे. तो चुकीचा आहे. सीटची पुढची-मागची जागा हँडलासाठी नसून गुडघ्यासाठी असते. दोन्ही पेडले जमिनीला समांतर ठेवून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावरून ओळंबा सोडावा, एका दोऱ्याला बांधलेला नटसुद्धा चालतो; तो साधारण पेडलाच्या आसावर यावा. हा काही अटळ नियम नव्हे आणि जाणकारांत त्यावर वादही आहेत, पण सुरुवात करायला एवढे पुरे. हँडल जवळ आणायचे तर त्याला फ्रेमशी जोडणारा आखूड दांडा, ज्याला स्टेम म्हणतात, तो बदलावा. तो एक-दोन सेंटीमीटरने आखूड करता येतो. पाच-सहा सेंटीमीटरचा फरक असेल तर मात्र फ्रेमच चुकली आहे असे समजावे.

म्हणूनच आता चांगल्या कंपन्या प्रत्येक सायकलीचा मापांचा तक्ता देतात. त्यातील दोन आकडे पाहण्याजोगे. पेडलांच्या आसापासून हँडलाच्या नळीच्या माथ्यापर्यंतची सरळ उभी उंची, तिला स्टॅक म्हणतात. आणि त्याच दोन बिंदूंमधील आडवे अंतर, त्याला रीच म्हणतात. एका कंपनीचा एम आणि दुसरीचा एम यांत तितकेच अंतर असते जितके दोन कारखान्यांच्या ४० नंबरच्या सदऱ्यांत. हे दोन आकडे मात्र कोणत्याही कंपनीचे असले तरी एकमेकांशी ताडून पाहता येतात. आधीची एखादी सायकल सुखाची वाटत असेल तर तिचे हे आकडे मोजून नव्या सायकलीच्या तक्त्याशी जुळवावेत. घरबसल्या मागवणाऱ्याला याहून चांगला आधार नाही.

दोन मापांच्या मधोमध अडकलेल्याने काय घ्यावे, यावर एकच उत्तर देणारे दुकानदार बहुधा जे शिल्लक आहे तेच घ्यायला सांगत असतात. लहान फ्रेम सीट वर करून व स्टेम लांबवून मोठी करता येते. मोठी फ्रेम लहान करता येत नाही. म्हणून तरुणाने लहान घ्यावी, हे सामान्यतः ठीक. परंतु लहान फ्रेमचे हँडलही खाली असते. साठीच्या माणसाला किंवा ज्याची पाठ पूर्वीसारखी वाकत नाही त्याला खाली वाकणे झेपत नाही. त्याच्यासाठी स्टॅक जास्त असलेली, उभ्या बसणीची सायकलच योग्य, आणि साडी किंवा सलवार नेसून चालवणाऱ्या स्त्रियांसाठी व ज्येष्ठांसाठी दांडा नसलेली फ्रेम. ती ‘लेडीज’ म्हणून नाक मुरडणारे पुरुष पाहिले की आश्चर्य वाटते. चढता-उतरता पाय उंच उचलावा लागू नये ही सोय लिंग पाहून लागत नाही. सीट उंच करताना तिच्या नळीवर कोरलेल्या रेघेच्या वर जाऊ नये, हे सर्वांनाच लागू. रेघ बाहेर दिसू लागली की नळी मोडण्याचा धोका असतो.

सीटबद्दल ओझरते. बसताना ज्या दोन हाडांवर भार येतो त्यांच्यातील अंतराएवढी रुंदी सीटला हवी. गुबगुबीत सीट दुकानात मऊ लागते व तासाभरात टोचू लागते. इंग्लंडच्या ब्रुक्स कंपनीच्या चामड्याच्या सीटा प्रसिद्ध आहेत आणि जाणकार त्या हटकून सुचवतात. चामडे वर्ज्य मानणाऱ्या घरांना त्यासाठी सोय सोडावी लागत नाही. रेक्झिन व फोमच्या सीटा तर सर्वत्र मिळतातच, शिवाय त्याच कंपनीने रबर व सुती कापडाची सीटही काढली आहे. घेताना विचारून घ्यावे एवढेच, कारण हँडलाच्या मुठींवर व सीटच्या आवरणावर कधी कधी शोभेसाठी चामडे लावलेले असते.

मुलांच्या बाबतीत मात्र काटकसरीची जुनी सवय थेट अंगावर येते. वाढत्या अंगाचे कपडे घ्यावेत, हे आपल्या घरांतले शहाणपण. परकराला टीप घालता येते, सदऱ्याच्या बाह्या दुमडता येतात. सायकलीला टीप घालता येत नाही. आठ वर्षांच्या मुलाला ‘चार वर्षे पुरेल’ म्हणून २४ इंची चाकाची सायकल दिली, तर तो पहिली दोन वर्षे ती भीतभीत चालवतो, आणि जे वय निर्धास्तपणे शिकण्याचे तेच वय धास्तीत जाते. पाय टेकत नाहीत हे वडिलांना दिसते. दिसत नाही ते हे, की त्याची बोटे ब्रेकच्या खटक्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. मूठ सोडून ब्रेक धरावा लागतो आणि तेवढ्यात हँडल वळते. उतारावर याचा अर्थ काय होतो ते सांगण्याची गरज नाही. सायकल घेताना मुलाला दुकानात नेऊन त्याचा पंजा मुठीवर ठेवून पाहावा; मूठ न सोडता पहिली दोन बोटे खटक्याला वेढली गेली पाहिजेत. पुष्कळशा ब्रेकांना खटका मुठीजवळ आणण्यासाठी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून मागावा. सीट पूर्ण खाली असताना तिची जमिनीपासूनची उंची मुलाच्या टांगेच्या मापाहून जास्त नसावी, म्हणजे शिकताना दोन्ही तळवे टेकतात. तोल यायला लागला की सीट हळूहळू वर घ्यावी.

सायकल लवकर लहान होते ही अडचण खरी आहे, पण तिचा उपाय मोठी सायकल हा नव्हे. ज्या कुटुंबांत काका, आत्या, मामा यांची मुले एक-दोन वर्षांच्या अंतराने वाढत असतात, त्यांच्यात एक १६ इंची, एक २० इंची आणि एक २४ इंची सायकल सहज फिरती राहू शकते. मापाला बसलेली सायकल मुले जास्त चालवतात हे खरे, पण पडझड कमी झाल्यामुळे ती धाकट्याच्या हाती चांगल्या स्थितीतच जाते.

घरी आणलेल्या सायकलीला निदान महिनाभर पाहत राहावे लागते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. गुडघ्याच्या मागे ताण येत असेल किंवा मागून पाहणाऱ्याला कंबर डावी-उजवीकडे डोलताना दिसत असेल तर ती उंच आहे. बदल एका वेळी एकच करावा, तोही अर्ध्या सेंटीमीटरचा, आणि तीन-चार दिवस चालवून मग पुढचा. एवढे करूनही दुखणे हटले नाही तर पान्हा ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

योग्य जागा सापडली की सीट जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे नळीभोवती चिकटपट्टीचा एक वेढा घालावा आणि आकडा घरच्या वहीत लिहून ठेवावा. सायकल दुरुस्तीला गेली की कारागीर सीट आपल्या सोयीने खाली दाबून एक चक्कर मारून पाहतो, आणि बहुतेक वेळा ती तशीच परत करतो.